पुस्तकात विहिरीचा नियम नव्हता

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नुकतेच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, झाला आहात. खेळाडूंचं २०१४ चं पुस्तक ३२० पानांचं आहे, तरी दर सेशनला असं काहीतरी निघतंच की ज्याचा नियम सापडत नाही. हा पुस्तकाचा दोष की आपल्या वाचण्याचा, आणि बाकीचे लोक अशा वेळी काय करतात, असं तुम्ही विचारलंय.

वाचण्यात काही चूक नाही, नियम खरंच नसतो. आम्ही पुण्यात पाच-सहा जण गेली कित्येक वर्षं खेळतोय, बहुतेक वेळा डीएम मीच असतो, आणि पुस्तक बंद करून एकमेकांच्या तोंडाकडे बघायची वेळ आमच्यावर अजूनही येते.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन वाक्यं. डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असतात. म्हणजे खेळाडू काहीही करीन म्हणू शकतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आमचा पहिला मोठा घोळ विहिरीचा. साल २०१७. आम्ही मराठीतच खेळतो. साहस, म्हणजे खेळायचं तयार कथानक, इंग्रजीत छापलेलं असतं, मी ते बघत बघत मराठीत सांगतो. त्या दिवशी मी म्हणालो, “गावाच्या मधोमध एक विहीर आहे, पाणी चाळीस फुटांवर.” मागे गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, लागलेले. आमच्यातल्या एकाचं पात्र पहिल्या लेव्हलचं, हिट पॉइंट, म्हणजे इजा झेलायची ताकद, अकरा. तो म्हणाला, “मी विहिरीत उडी मारतो.”

पडण्याचा नियम पुस्तकात आहे: दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. म्हणजे चाळीस फुटांना चार फासे, सरासरी चौदा. अकरा हिट पॉइंटवाला आडवाच. मी फासे उचलले तर तो म्हणाला, “अरे पाण्यात पडतोय मी, फरशीवर नाही!” बरोबर होतं त्याचं. पुस्तक उघडलं. २०१४ च्या त्या पुस्तकात पाण्यात पडण्याबद्दल एक ओळ नाही. एक जण म्हणाला, उंचीवरून पाणीसुद्धा दगडासारखं लागतं. दुसरा फोनवर शोधायला लागला. तिसरा म्हणाला, नियम आहे तो आहे, टाक चार फासे. आवाज चढले, चहा गार झाला.

मग इतका वेळ गप्प बसलेला एक जण म्हणाला, “पण हा उडी कशाला मारतोय? पायऱ्यांनी उतर ना.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याच्या डोळ्यांसमोर बारव होती, खालपर्यंत दगडी पायऱ्या असलेली. माझ्या डोक्यात आड होता, वर रहाट लावलेला, माणूस जेमतेम मावेल इतका अरुंद. उडी मारणाऱ्याच्या डोक्यात मळ्यातली ऐसपैस विहीर, मे महिन्याच्या सुट्टीत पोरं दिवसभर उड्या मारतात तशी. छापलेल्या साहसात इंग्रजीची नुसती चार अक्षरं होती आणि मी त्यांची ‘विहीर’ करून मोकळा झालो होतो. अर्धा तास आम्ही नियमावर भांडत होतो आणि प्रत्येक जण वेगळ्याच विहिरीच्या काठावर उभा होता.

मी म्हटलं, चूक माझी. विहीर रुंद आहे, पायऱ्या नाहीत, पाणी दोन परस. मग आमच्यातला साताऱ्याकडचा मित्र, जो विहिरीतच पोहायला शिकलाय, म्हणाला, “सूर नीट बसला तर फारसं काही होत नाही. पाय सरळ ठेवून गेलास तरी चालतं. पोटावर आपटलास की मात्र श्वास अडकतो, पोट लालबुंद होतं. मुटका मारायचा तर चाळीस फुटांवरून नको.” झालं, नियम तयार. अ‍ॅथलेटिक्सचा रोल कर, म्हणजे त्या कौशल्यासाठी फासा टाक; पंधरा किंवा वर आला तर सूर बसला, इजा निम्मी; नाही आला तर पोटावर, इजा पूर्ण. त्याला सतरा आला. चार फाशांची बेरीज तेरा, निम्मे सहा, उरले पाच. तो वाचला. बाहेर कसं यायचं याचा विचार त्याने केला नव्हता, ते सोडा.

गंमत पुढे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रकाशकांचं ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ आलं. त्यात पाण्यात पडण्याचा नियम आहे: अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सचा रोल, पंधरा आला तर डोकं किंवा पाय आधी पाण्यात जातात आणि इजा निम्मी. साताऱ्याचा मित्र तीन वर्षं तेच सांगत होता! पंधराचा आकडा जुळला यात नवल नाही, मध्यम अवघड कामाला पुस्तक मुळातच पंधरा सुचवतं. पण डोकं किंवा पाय आधी, हे विहिरीत उड्या मारल्याशिवाय सुचत नाही असं आमचं ठाम मत आहे. पुस्तकाचा नियम आला तरी आम्ही आमचाच चालू ठेवला, कारण त्यात पाणी निदान दोन परस हवं ही अट आहे आणि पुस्तकात ती नाही. शास्त्रात् रूढिर्बलीयसी.

तेव्हापासून माझी सवय अशी: नियम सापडत नाही असं वाटलं की पुस्तक उघडण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, “तुला काय दिसतंय?” दहातल्या सात वेळा भांडण तिथेच मिटतं. नियमाची फट नसतेच, चित्राची असते. एकाला दार लाकडी दिसत असतं, दुसऱ्याला लोखंडी, आणि दोघं भांडत असतात कुऱ्हाडीच्या इजेवर.

उरलेल्या तीन वेळा फट खरी असते. ती का असते हे कळायला थोडं मागे जावं लागेल, आणि मागे म्हणजे प्रशियाच्या सैन्यापर्यंत. १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरच्या युद्धाभ्यासाचा खेळ तयार केला, ‘क्रीगश्पील’. फासे, इजेचे तक्ते, मध्ये बसलेला पंच. पुढे नियम वाढत गेले आणि पंच बिचारा तक्त्यांत बुडाला. १८७६ मध्ये वेर्दी द्यु वेर्न्वा या अधिकाऱ्याने सरळ भूमिका घेतली की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. लढाई पाहिलेला माणूस तक्त्यापेक्षा लवकर आणि बरं सांगतो. आमच्या टेबलावर तो माणूस साताऱ्याचा होता. या पद्धतीची पंचाईतही तीच, की जाणकार माणूस टेबलावर असावा लागतो. समुद्रातलं जहाज वादळात सापडलं तर आमच्यातल्या कोणालाच काही कळत नाही, तिथे आम्ही मुकाट्याने पुस्तक उघडतो.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. १८८० मध्ये टॉटन या अमेरिकी अधिकाऱ्याचं ‘स्ट्रॅटेगॉस’ निघालं. खेळाडू काहीही करून बघू शकतो आणि पंचाने त्याचा निकाल द्यायचा, ही कल्पना त्यात होती. मिनेसोटातल्या डेव्हिड वेसलीने ते वाचलं आणि १९६९ मध्ये नेपोलियनच्या काळातल्या ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर एक खेळ मांडला. लढाई सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूला गावातली एकेक भूमिका दिली. लढाई काही सुरूच झाली नाही. लोक उठून कोपऱ्यात जाऊन कट करायला लागले, आणि दोन खेळाडू येऊन म्हणाले, आम्ही द्वंद्व खेळतोय. द्वंद्वाचा नियम वेसलीकडे कुठला? त्याने जागच्या जागी फासे टाकून निकाल दिला. घरी जाताना त्याला वाटलं खेळ पुरता फसला. खेळाडू मात्र पुन्हा कधी म्हणून मागे लागले. त्यांच्यातलाच डेव्ह आर्नसन, ज्याने पुढे ‘ब्लॅकमूर’ हा आपला तसाच खेळ सुरू केला आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला.

म्हणजे हा खेळ फटीतच जन्मला. पहिली आवृत्ती म्हणजे एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिल्या छपाईत हजार खोकी. लढाईसाठी ‘चेनमेल’ नावाचं दुसरंच पुस्तक लागायचं, आणि रानावनात भटकायचं तर आणखी तिसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट घ्या असं लिहिलेलं. कोणी आधी वार करायचा तेही धड लिहिलेलं नव्हतं. शेवटी लेखकांनी वाचकाला सांगितलंय, तुमच्यासाठी कल्पना आम्हीच का करत बसायच्या, तुम्हाला हवं तसं ठरवा. आणि लोकांनी ठरवलं. फीनिक्समधल्या केन सेंट आंद्रेला ते नियम किचकट वाटले आणि वीस बाजूंचे फासे त्याच्याकडे नव्हतेच, तर त्याने साधे सहा बाजूंचे फासे घेऊन १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा नवाच खेळ काढला. भोक बुजवता बुजवता माणसाने शेजारी घर बांधलं म्हणायचं.

त्याच गायगॅक्सने काही वर्षांनी, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती आल्यावर, नेमकी उलटी भाषा सुरू केली: नियम फार बदलणारा आमचा खेळ खेळतच नाही. मला यात ढोंग दिसत नाही. स्पर्धा घ्यायच्या तर सगळ्या टेबलांवर एकच नियम हवा. घरच्या टेबलाला ती गरज नसते. नवे डीएम घाबरतात ते बहुधा यामुळेच, त्यांना वाटतं कुठेतरी कोणीतरी पंच बसलाय आणि तो आपली वही तपासणार आहे.

आता एक असं सांगतो जे मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली. फट बुजवण्याला किंमत असते. १९७४ च्या पुस्तिकांमध्ये चोर हे पात्रच नव्हतं. सापळे मात्र होते. मग सापळा कोण शोधायचं? जो शोधीन म्हणेल तो. सामानाच्या यादीत दहा फुटी काठी होती. योद्धा म्हणायचा, मी काठीने फरशी ठोकत पुढे सरकतो, कुठे पोकळ आवाज येतोय का? डीएम म्हणायचा, तिसऱ्या फरशीला येतोय. नियम काही नाही, नुसतं बोलणं. मग सँटा मोनिकातल्या एका दुकानात जमणाऱ्या खेळाडूंकडून चोराची कल्पना आली, गायगॅक्सने ती उचलली आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर अधिकृत झाला. कुलूप उघडण्याचे इतके टक्के, सापळा निकामी करण्याचे इतके. सुरुवातीच्या चोराला दहा-पंधरा टक्के, म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि ज्या क्षणी चोराला दहा टक्के मिळाले, त्या क्षणी योद्ध्याच्या हातातली काठी गेली. “मी फरशी ठोकतो” म्हटलं की उत्तर तयार: तू चोर नाहीस. काल जे कोणालाही जमत होतं ते आज एकाला, तेही दहात एकदा जमायला लागलं.

म्हणून कोणी “याचा एक पक्का नियमच करून टाकू” म्हणालं की मी आधी विचार करतो, यामुळे कोणाची काठी जाणार आहे?

याच्या उलट टोकाला वकिली करणारे. नियमात लिहिलंय ते शब्दशः धरायचं, आणि लिहिलेलं नाही तेही आपल्या सोयीने धरायचं. यातला प्रसिद्ध नमुना म्हणजे शेतकऱ्यांची तोफ. दोन हजारांहून जास्त शेतकरी एका रांगेत उभे करा. हातातली वस्तू शेजाऱ्याला देणं नियमात बसतं, आणि लढाईच्या एका फेरीत, म्हणजे सहा सेकंदांत, सगळ्यांची पाळी येऊन जाते. म्हणजे दांडका सहा सेकंदांत दोन मैलांपलीकडे पोचला. तर शेवटच्या शेतकऱ्याने फेकलेला दांडका त्याच वेगाने जाणार आणि किल्ला पाडणार! इथे नियम हवे तेव्हा नियम आणि सोयीचं तेव्हा भौतिकशास्त्र. तिसऱ्या आवृत्तीच्या साडेतीन नावाच्या रूपात तर बुडण्याचा नियम असा लिहिला गेला होता की बुडणाऱ्याचे हिट पॉइंट शून्यावर येतात. मग उणे आठवर मरायला टेकलेल्या मित्राचं डोकं बादलीत घाला, तो शून्यावर ‘चढतो’. वाचायला मजा येते, मीही हे दोन किस्से नव्या लोकांना हमखास सांगतो. पण टेबलावर कोणी गंभीरपणे बादली मागितली तर त्याला एकच शब्द पुरतो, रडीचा डाव. २०२४ च्या डीएमच्या पुस्तकात तर आता स्पष्ट लिहिलंय की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. ते छापावं लागलं यातच काय ते आलं.

काही फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्या मात्र हात न लावता तशाच ठेवा. ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ हा व्हिन्सेंट बेकरचा २००४ चा खेळ. तुम्ही धर्माचे तरुण रखवालदार, गावोगाव फिरून कोणाचं पाप, काय शिक्षा हे ठरवता. वाद शब्दांवरून हातघाईवर, तिथून बंदुकीवर कसा जातो याचे फासे आहेत. श्रद्धेला आकडा नाही. तुमचा निवाडा बरोबर की चूक हे सांगणारा फासा नाही, डीएमलाही ते सांगायची मुभा नाही. सगळा खेळ ज्याच्याभोवती फिरतो तिथेच जागा रिकामी. आम्ही तो एकदा खेळलो आणि रात्री दीडला जिन्यात उभं राहून अजून वाद घालत होतो की त्या बाईला गावाबाहेर काढायला हवं होतं का. तिथे ‘श्रद्धा: बारा’ असं काही लिहिलेलं असतं तर साडेअकरालाच घरी गेलो असतो.

बरं, तुमचा दुसरा प्रश्न, प्रत्यक्ष काय करायचं. आमच्याकडे एक शंभर पानी वही आहे. सेशनमध्ये निकाल लगेच द्यायचा, दोन-तीन मिनिटांच्या वर घोळ घालायचा नाही. निकाल दिला की वहीत एका ओळीत लिहायचा, तारखेसकट. पुढच्या वेळी तोच प्रसंग आला तर तोच निकाल, मग तो खेळाडूच्या बाजूचा असो की राक्षसाच्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं. विहिरीचा निकाल एका वर्षाने एका खलनायकालाही मिळाला, त्याचा सूर बसला आणि तो आमच्या हातून निसटला. सगळे चरफडले, पण कोणी तक्रार केली नाही, कारण ओळ वहीत होती. निकाल चुकला असं नंतर वाटलं तर सेशन संपल्यावर बोलायचं आणि ओळ खोडून नवी लिहायची, जुनी दिसेल अशी. आमच्या वहीत खोडलेल्या ओळी बऱ्याच आहेत. आणि निकाल कोणाचं पात्र मारणारा असेल तर फासा टाकायच्या आधी सांगायचं, “हे चुकलं तर मरशील, करायचंय?” नंतर नाही.

वहीत एक ओळ अशी आहे की जिचा अर्थ बाहेरच्याला कळणार नाही. माझी भाची नऊ वर्षांची असताना सुट्टीत आमच्याकडे आली होती आणि मला पण खेळायचंय म्हणून बसली. चालू मोहिमेत, चौथ्या लेव्हलच्या लोकांबरोबर, पहिल्या लेव्हलची चेटकीण घेऊन. पहिल्याच लढाईत एक ऑग्र, म्हणजे दांडगा राक्षस, तिच्यासमोर. सोटा बसला असता तर ती जागीच गेली असती. मी फासा हातात घेऊन थांबलो. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, “अरे, ती कच्चा लिंबू आहे.”

बस. कोणाला काही समजवावं लागलं नाही. लहानपणी लगोरीत, पकडापकडीत, प्रत्येकाने कधी ना कधी धाकट्या भावंडाला असं घेतलेलं होतं: तो खेळणार, पळणार, पण आउट होणार नाही, आणि त्याच्यामुळे कोणी हरणारही नाही. ऑग्रने सोटा बाजूच्या खांबावर मारला. मी वहीत लिहिलं: “चेटकीण कच्चा लिंबू.” ३२० पानांत या तोडीचा नियम मला सापडलेला नाही.

चौथ्या सेशनला ती वही वाचत बसली होती. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “मामा, हे खोड.”

मी म्हटलं, “मग मरशील हं.”

“खोड.”

खोडलं, तारीख घातली. पुढच्याच रविवारी कोळ्यांच्या गुहेत तिची चेटकीण मेली. ती रडली नाही. कोरी कॅरेक्टर शीट मागून घेतली आणि या वेळी योद्धा केला, सामानात सगळ्यात आधी दहा फुटी काठी लिहून.